करवंद : एका काटेरी सदाहरित झुडुपाचा परिचय

उन्हाळी सुट्टी संपवून विद्यार्थी जूनमध्ये वसतिगृहात परततात, तेव्हा त्यांच्या पेटीत काय काय असते हे वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भुईमुगाच्या शेंगा, कारळाची चटणी, आईने करून दिलेले लाडू, आणि डोंगराकडच्या गावांतून येणाऱ्या मुलांजवळ फडक्यात बांधलेली करवंदे. त्या फडक्यावर जांभळे डाग पडलेले असत आणि ते डाग पुढे कितीही धुतले तरी जात नसत. रात्री दिवे मालवण्यापूर्वी ती करवंदे वाटली जात. ज्यांच्या गावाला डोंगर नाही अशा मुलांना करवंद प्रथम कळले ते याच वाटपात.

खाऊन कळणे आणि पाहून कळणे यांत मात्र अंतर आहे. करवंदाची चव सांगणारे अनेक भेटतात. त्याच्या काट्याची रचना, फुलातील पुंकेसरांची संख्या किंवा त्याच्या कुलातील अन्य वनस्पती सांगणारे थोडे. प्रस्तुत लेखात या झुडुपाची वनस्पतिशास्त्रीय ओळख करून देण्याचा प्रयत्न आहे. पाठ शाळेचाच आहे. परंतु तो आज संसारात असलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी, पालकांसाठी आणि समाजबांधवांसाठी पुन्हा मांडत आहे. शेवटी या पाठातून ‘जात’ या शब्दाविषयी एक विचार निघतो. तो आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे.

नावाचा प्रवास

करवंदाचे संस्कृत नाव ‘करमर्द’. प्राकृतातून उतरत उतरत त्याचे मराठीत ‘करवंद’ झाले. हिंदीतील ‘करौंदा’ हा त्याचाच भाऊ. पाली भाषेत हे नाव ‘करमन्द’ असे येते, आणि ते जेथे येते ते स्थळ लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आचार्य बुद्धघोषांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. अशुभ भावनेसाठी स्मशानात जाणाऱ्या भिक्षूने सभोवतालच्या खुणा नीट पाहून ठेवाव्यात, असे त्यात सांगितले आहे. दगड, वारूळ, वृक्ष, झुडूप, वेल या त्या खुणा. झुडूप दिसले तर ते लहान की मोठे हे पाहावेच, शिवाय ते कोणते हेही ओळखावे. तेथे दिलेल्या झुडुपांच्या नावांत करमन्द आहे आणि कणवीर, म्हणजे आपली कण्हेर, हीही आहे. हे सर्व कशासाठी? तर चित्तात संभ्रम उत्पन्न होऊ नये यासाठी. जो सभोवतालची वस्तू आहे तशी पाहतो त्याला अंधारात भलतेसलते दिसत नाही. साध्या झुडुपाची ओळख ही चित्ताच्या शिक्षणाची एक पायरी मानली गेली, ही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकाला मोठी मोलाची वाटते.

युरोपीय ग्रंथांतही हे नाव लवकर पोहोचले. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथात वेलदोड्याबरोबर ‘करांदास’ या फळाची चर्चा केली. पुढे १७६७ साली कार्ल लिनियस यांनी या वनस्पतीला ‘कॅरिसा करांडस’ असे शास्त्रीय नाव दिले. त्यातील दुसरा शब्द भारतीय नावावरूनच आलेला आहे. डोंगरातील रानटी करवंदाला आपल्याकडील अनेक वनस्पतिसूचींत रॉबर्ट वाइट यांनी दिलेले ‘कॅरिसा कंजेस्टा’ हे नाव आढळते. बागेतील मोठ्या फळांचे करवंद आणि रानातील लहान फळांचे करवंद या दोन जाती मानाव्यात की एकच, याविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले. आज अनेक अभ्यासक दोन्ही एकच मानतात.

वाढते कोठे?

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग पसरली आहे. कन्नडजवळचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, खुलताबादजवळचे म्हैसमाळ आणि अजिंठा लेण्यांच्या परिसरातील डोंगर हे सर्व काळ्या बेसाल्ट खडकाचे आहेत. ज्या पाषाणात आपल्या पूर्वसूरींनी विहार आणि चैत्य कोरले, त्याच पाषाणाच्या भेगांत करवंदीची मुळे उतरतात. वर मातीचा थर वीतभरही नसतो आणि त्याखाली मुरूम असतो. पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने कोरडे.

अशा ठिकाणी बहुतेक झाडे एकच मार्ग पत्करतात. पाणी संपू लागले की पाने गाळून टाकायची. साग, पळस, सालई, धावडा हे सर्व पानझडी वृक्ष होत. मार्च-एप्रिलमध्ये गौताळ्याच्या उतारावर उभे राहिले तर सारा डोंगर करड्या काड्यांचा दिसतो. त्या करड्या रंगात जे गडद हिरवे ठिपके दिसतात त्यांत करवंदीच्या जाळ्या असतात. मराठीत करवंदीच्या झुडुपाला आपण ‘जाळी’ म्हणतो. हा शब्द किती नेमका आहे, हे पुढे काट्याच्या विवेचनात दिसेल.

पान : सदाहरित म्हणजे काय?

सदाहरित वनस्पतीची पाने कधीच गळत नाहीत, असा एक गैरसमज विद्यार्थ्यांत आढळतो. वस्तुतः प्रत्येक पानाला आयुष्यमर्यादा असते. पानझडी झाडाची सर्व पाने एका हंगामात गळतात. सदाहरित झाडाची पाने एकेक करून गळतात आणि जुनी गळण्यापूर्वी नवी आलेली असतात. म्हणून झाड कधी उघडे पडत नाही.

करवंदीचे पान साधे, लंबवर्तुळाकार, तीन ते सात सेंटिमीटर लांबीचे असते. पाने समोरासमोर जोडीने येतात. पान हाताला चामड्यासारखे जाड लागते, वरची बाजू गडद हिरवी व चकचकीत असते. ही चकाकी म्हणजे मेणासारख्या पदार्थाचा लेप होय. त्यामुळे पृष्ठभागातून पाणी उडून जात नाही. वायूंची देवाणघेवाण करणारी सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उन्हाच्या प्रहरी मिटली की पानातील ओलावा बराच काळ टिकतो.

यात एक हिशेब आहे. पळसाचे पान एका वर्षाच्या कामापुरते असते. करवंदीचे पान त्याहून टिकाऊ करावे लागते, म्हणून एका पानामागे झाडाचा अधिक खर्च होतो. जी वस्तू खर्च करून घडवली ती सहजासहजी गमावून चालत नाही. शिवाय एप्रिलच्या उघड्या डोंगरावर हिरवे पान दिसले की शेळी, गाय, हरिण सर्वांचे लक्ष तिकडेच जाते. करवंदीने या संकटावर दोन उपाय योजले आहेत. एक बाहेर दिसतो, तो काटा. दुसरा आत असतो, तो चीक.

काटा : खुंटलेला शेंडा

गुलाबाचा काटा सालीवर उगवलेला असतो. अंगठ्याने बाजूने दाबला तर तो सालीसकट निघून येतो. बोरीचे काटे पानाच्या देठाशी असलेल्या उपपर्णांचे रूपांतर होत. करवंदीचा काटा या दोहोंहून निराळा आहे. तो फांदीचेच रूपांतर आहे.

करवंदीची एखादी कोवळी फांदी घेऊन पाहावी. फांदीच्या टोकाशी जी वाढणारी कळी असते तिचेच काट्यांत रूपांतर झालेले दिसते. बहुधा तेथे काट्यांची जोडी असते. काही काटे पुढे पुन्हा दुभंगतात. काटा कठीण, अणकुचीदार आणि दोन ते पाच सेंटिमीटर लांबीचा असतो. शेंड्याचा काटा झाला म्हणजे त्या दिशेची वाढ थांबली. मग काट्याच्या खालच्या दोन पानांच्या बगलेत असलेल्या कळ्या जाग्या होतात आणि दोन बाजूंना दोन फांद्या निघतात. काही अंतरावर त्यांच्याही शेंड्यांचे काटे होतात आणि त्यांच्या खालून पुन्हा दोन-दोन फांद्या फुटतात.

दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा फांद्या एकमेकींत गुंततात. यामुळे झुडूप उंच न होता दोन-तीन मीटर उंचीचे, रुंद आणि दाट होते. आपण त्याला जाळी म्हणतो त्याचे कारण हेच. या जाळीत शेळीचे तोंड शिरत नाही. मात्र बुलबुलासारखे लहान पक्षी आत सुखाने घरटे करतात. जाळीच्या बुडाशी पडलेला पालापाचोळा वाऱ्याने उडत नाही, तेथे माती धरून राहते आणि तिच्या आधाराने दुसऱ्या झाडांची रोपेही जनावरांच्या तोंडातून वाचतात. उघड्या डोंगरावर रान पुन्हा उभे राहावयाचे असेल तर अशा काटेरी झुडुपांचे साहाय्य फार मोठे असते. जळणासाठी जाळ्या तोडणे, गवत पेटवून देणे, खडीसाठी डोंगर फोडणे यांमुळे जेथे करवंदी गेली तेथे मागोमाग मातीही जाते.

चीक : एका कुलाची खूण

करवंदीचे पान तोडले वा कच्चे फळ चिरले की पांढरा दुधासारखा चीक येतो. तो बोटांना व ओठांना चिकटतो. करवंदी ज्या कुलातील आहे त्याची ही महत्त्वाची खूण होय. शास्त्रीय भाषेत या कुलाला ‘अ‍ॅपोसायनेसी’ म्हणतात. मराठीत त्याला करवीर कुल, म्हणजे कण्हेरीचे कुल, असे नाव आहे.

या कुलाचे सदस्य आपल्या अंगणात आणि रस्त्यांच्या कडेला सर्वत्र आहेत. तांबडी-पांढरी कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, चाफा, तगर, सदाफुली, सप्तपर्णी, सर्पगंधा, कुडा ही सर्व या कुलातील मंडळी. पूर्वी निराळ्या कुलात गणली जाणारी रुईदेखील आता याच कुलात घेतली जाते. यांतील काहींनी वैद्यकाला मोठी देणगी दिली आहे. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे मिळाली. सर्पगंधेपासून रिसर्पिन हे रक्तदाबावरील औषध मिळाले.

तथापि हेच कुल विषासाठीही कुप्रसिद्ध आहे. कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत. बिट्टीच्या बिया तर हृदयाची गती बिघडवून प्राण घेऊ शकतात. लहान मुले बिट्टीच्या कठीण बिया खेळायला घेतात आणि पालकांना त्यात काही वावगे वाटत नाही, म्हणून हे स्पष्ट सांगणे अवश्य आहे. चीक असलेले कोणतेही अनोळखी फळ मुलांनी तोंडात घालू नये. कोणी घातलेच तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्या मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि कोणते फळ खाल्ले ते ओळखता यावे म्हणून त्याचा नमुना सोबत न्यावा.

विसुद्धिमग्गात करमन्द आणि कणवीर ही नावे एकाच ठिकाणी येतात हे वर सांगितले. ही दोन्ही झुडुपे सदाहरित, दोन्ही चिकाची आणि दोन्ही एकाच कुलातील. एकाचे फळ मुले खातात, दुसऱ्याचे पानही घातक. केवळ कुल पाहून निर्णय करणारा येथे फसेल. प्रत्येक झुडूप त्याच्या स्वतःच्या लक्षणांनीच ओळखावे लागते.

फूल

फेब्रुवारीपासून करवंदी फुलू लागते. फांद्यांच्या टोकांशी पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि त्यांचा मंद सुगंध दुरून जाणवतो. कळीवर कधी कधी गुलाबी छटा असते. पुष्कळ जण या फुलाला रानजाई समजतात. हा भ्रम दूर करणे सोपे आहे. फुलाची नळी उभी चिरून आत पाहावे. जाईच्या फुलात दोनच पुंकेसर असतात, करवंदीच्या फुलात पाच. जाईला चीक नसतो, करवंदीला असतो. शिवाय करवंदीच्या कळीच्या पाच पाकळ्या छत्री मिटावी तशा एकाच दिशेने पिळलेल्या असतात. ही पिळदार कळी तगरीत, चाफ्यात आणि कण्हेरीतही दिसते. एक ब्लेड आणि एक साधे भिंग एवढ्या साहित्यावर हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो.

फुलाची नळी सुमारे दोन सेंटिमीटर लांब आणि अरुंद असते. पुंकेसर नळीच्या आत दडलेले असतात. मधापर्यंत पोहोचण्यास लांब सोंड लागते, म्हणून पतंग आणि फुलपाखरे यांसारखे कीटक या फुलाकडे येतात. मध पिताना सोंडेला परागकण लागतात आणि पुढच्या फुलाकडे जातात.

फळ आणि बी

फुलातील अंडाशयापासून फळ तयार होते. शास्त्रीय परिभाषेत ते मृदुफळ होय. त्याचा आकार गोल किंवा किंचित लांबट, जाडी एक ते अडीच सेंटिमीटर. प्रथम हिरवे, मग तांबूस आणि मे-जूनमध्ये पिकल्यावर जांभळट काळे. आत गरात चपट्या लहान बिया असतात.

या फळाविषयी आपल्याकडे मुलांचा एक जुना खेळ आहे. करवंद हातात घेऊन विचारावयाचे, कोंबडा की कोंबडी? उत्तर दिल्यावर फळ चावून पाहावयाचे. आतला गर लाल निघाला तर कोंबडा, फिकट निघाला तर कोंबडी. खेळ गमतीचा आहे, पण त्यात निरीक्षणाचे बीज आहे. बाहेरून सारखीच दिसणारी फळे आतून निराळी असू शकतात, हे मुलाला कोणी न शिकवता कळते.

या कुलातील इतर अनेक वनस्पतींशी तुलना केली तर करवंदाचे वेगळेपण ध्यानात येते. रुई आणि कुडा यांची फळे सुकून उकलतात. त्यांच्या बियांना रेशमी तंतूंचा झुबका असतो आणि वारा त्या दूर नेतो. करवंदीने वाऱ्याऐवजी प्राण्यांवर विश्वास टाकला आहे. गोड गर हे प्रवासाचे भाडे समजावे. पक्षी, कोल्हे, अस्वले ही फळे खातात आणि बिया दूरवर पडतात. कच्च्या फळात चीक व आंबटपणा असतो, कारण बी तयार होण्यापूर्वी फळ कोणी खाल्ले तर झाडाचे नुकसान होते. बी तयार झाले की चीक कमी होतो, रंग गडद होतो, गोडी येते. फळाचा रंग म्हणजे झाडाने दिलेले आमंत्रणच म्हणावयाचे.

मनुष्याने कच्च्या आणि पिकल्या दोन्ही फळांचा उपयोग शोधला. कच्च्या करवंदाचे लोणचे व चटणी होते. त्यात पेक्टिन भरपूर असल्याने जेली उत्तम जमते. पिकलेले करवंद तसेच खातात किंवा त्याचे सरबत करतात. या फळात जीवनसत्त्व ‘क’ आणि लोह असते. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बेकरीतील केकवर वा पानाच्या विड्यावर जी तांबडीलाल ‘चेरी’ मिळते ती बहुधा करवंदाचीच असते. बिया काढलेली कच्ची करवंदे मिठाच्या पाण्यात ठेवून, लाल रंग देऊन, साखरेच्या पाकात मुरवली की तिचे नाव बदलते आणि किंमतही वाढते. डोंगरपायथ्याच्या गावांतील ज्या स्त्रिया हातांना ओरखडे सोसून पाटी भरतात, त्यांच्या वाट्याला मात्र करवंदाचाच भाव येतो. ‘डोंगरची काळी मैना’ अशी हाक देऊन पानाच्या द्रोणात करवंदे विकणारी बाई रस्त्यात दिसली तर तिच्याशी घासाघीस करताना या ओरखड्यांची आठवण ठेवावी.

जिवंत कुंपण

आपले अनेक पालक कोरडवाहू शेतकरी आहेत. त्यांच्यासाठी करवंदीचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे बांधावरचे कुंपण. तारेच्या कुंपणाला एकदाच मोठा पैसा लागतो आणि तार कालांतराने गंजते. करवंदीचे कुंपण सावकाश वाढते, परंतु वर्षागणिक अधिक दाट होते आणि फळही देते.

लागवडीची रीत सोपी आहे. पूर्ण पिकलेल्या फळांतून बी काढून, धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेरावे. करवंदाचे बी फार दिवस साठवून ठेवू नये, त्याची उगवणशक्ती लवकर घटते. रोपे हळू वाढतात, म्हणून ती वर्षभर पिशवीत सांभाळून पुढच्या पावसाळ्याच्या आरंभी बांधावर लावावीत. कुंपणासाठी दोन रोपांत सुमारे दोन फूट अंतर पुरे. पहिली दोन वर्षे जनावरांपासून राखण आणि उन्हाळ्यात थोडे पाणी एवढेच द्यावे लागते. पुढे हे झुडूप स्वतःचे रक्षण स्वतः करते. छाटणी केली तर अधिक फांद्या फुटतात, याचे कारण वर काट्याच्या विवेचनात आलेच आहे. मोठी फळे हवी असल्यास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘कोकण बोल्ड’ हा वाण उपलब्ध आहे.

ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय उभारले आणि जेथील विद्येच्या परिसराला नागसेनवन असे वनाचे नाव लाभले, त्या शहरातील शाळांच्या आवारांना अशी हिरवी कुंपणे शोभतील. त्यांतून मुलांना वर्षभर पुरेल एवढा जीवशास्त्राचा पाठही मिळेल.

‘जात’ कोणाला असते?

आतापर्यंत या लेखात ‘कुल’ आणि ‘जाती’ हे शब्द अनेकदा आले. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत हे शब्द रूढ आहेत. नववीच्या वर्गात हा पाठ शिकवताना फळ्यावर ‘जाती’ हा शब्द लिहिला की वर्गात क्षणभर शांतता पसरते, हा अनुभव अनेक शिक्षकांना असेल. ज्या मुलांच्या आजोबा-पणजोबांना या शब्दाने पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्यांच्या कानांवर हा शब्द निर्विकारपणे पडत नाही. म्हणून शिक्षकाने येथे थांबावे आणि या शब्दाचा खरा अर्थ सांगावा.

सुदैवाने तो अर्थ सांगणारा सर्वश्रेष्ठ गुरू आपल्याला लाभलेला आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांचा वाद येतो. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, हा त्यांचा प्रश्न. भगवान बुद्ध उत्तराचा आरंभ गवत आणि वृक्ष यांपासून करतात. ही स्वतः काही सांगत नसली तरी त्यांच्यावर त्यांच्या जातीच्या खुणा असतात, त्यांच्या जाती खरोखरच भिन्न आहेत, असे ते दाखवून देतात. मग ते कीटक, चतुष्पाद प्राणी, सर्प, मासे, पक्षी असे क्रमाने सांगतात. शेवटी ते मनुष्याकडे वळतात. केस, डोके, कान, डोळे, मुख, नाक, ओठ असा एकेक अवयव घेऊन ते सांगतात की, मनुष्यामनुष्यांत अशी जातिनिदर्शक खूण कोठेच नाही. माणसांतील भेद हे केवळ व्यवहारातील नावांचे आहेत.

ही पद्धत निरीक्षणाची आहे. करवंदी आणि जाई या भिन्न जाती आहेत, कारण फूल चिरले की पाच आणि दोन पुंकेसर दिसतात. चीक आहे वा नाही हे पाहता येते. एकीच्या परागाने दुसरीला फळ धरत नाही. माणसांच्या बाबतीत असे काहीच दाखवता येत नाही. ज्या लिनियसांनी १७६७ साली करवंदीला नाव दिले, त्यांनीच १७५८ साली समस्त मानवांना ‘होमो सेपियन्स’ या एकाच जातीत ठेवले होते. त्यांनीही मानवाचे वर्ण आणि खंड यांवरून पोटभेद केले आणि त्यांना गुणदोष चिकटवले. पुढच्या विज्ञानाने ते पोटभेद टाकून दिले. एक जात हा निष्कर्ष मात्र टिकला.

मग शाळेच्या दाखल्यावर जातीचा रकाना का, असे मूल विचारील. त्याला प्रामाणिक उत्तर द्यावे. तो रकाना समाजाने केलेल्या अन्यायाची नोंद आहे आणि त्या अन्यायाचे परिमार्जन करण्यासाठी संविधानाने दिलेल्या हक्काचे साधन आहे. तो इतिहासाचा रकाना आहे, निसर्गाचा नव्हे. निसर्गातील जात पाहावयाची असेल तर डोंगरावर जावे आणि करवंदीच्या जाळीसमोर उभे राहावे.

पुढच्या जूनमध्ये कोणी विद्यार्थी फडक्यात करवंदे बांधून आणील. ती वाटून खावीत. खाताना आधी पानांची जोडी, दुभंगलेला काटा आणि चिकाचा थेंब यांविषयी त्याला विचारावे. एखादे बी जपून ठेवावे आणि पहिल्या पावसात आवाराच्या कडेला पेरावे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्या झुडुपाला फळ धरेल, तेव्हा ते पेरणारा मुलगा कदाचित शाळा सोडून गेलेला असेल. फळ तोडणारी मुले कोण असतील, हे झुडुपाला कळणार नाही आणि ते विचारणारही नाही.